टूथपेस्ट तंबूबाहेर ठेवा!

कॅनडातल्या रॉकी पर्वतात जॅस्पर ते लेक लुईस असा 232 किलोमीटरचा एक रस्ता आहे, आइसफील्ड्स पार्कवे. वाटेत हिमनद्या, निळीहिरवी तळी, उंचच उंच सुळके. त्यातली बो खिंड 2,069 मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईहूनही उंच! तरी उन्हाळ्यात कितीतरी सायकलस्वार सगळा संसार सायकलला बांधून हा रस्ता पार करतात आणि रात्री तंबूत झोपतात.

झोपण्याआधी मात्र ते तंबूतून काय काय बाहेर काढतात, ठाऊक आहे? बिस्किटं आणि दाणे तर काढतातच. शिवाय टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, ओठांचं मलम आणि ज्यावर रस्सा सांडलाय तो शर्टसुद्धा!

कारण हा मुलूख ग्रिझली आणि काळ्या अस्वलांचा आहे. अस्वलाच्या लांबट नाकात पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात आणि त्यांच्यावर वास ओळखणारं अस्तर पसरलेलं असतं. आपल्या नाकाला पत्ताही लागत नाही असा वास त्याला लांबून येतो. आणि तो हुंगत जायची त्याला गरजही असते बरं का! हिवाळ्यात काही महिने ते गुहेत काहीही न खाता काढतं. तेवढी चरबी उन्हाळ्यात आणि शरदात साठवायची असते. इथली ग्रिझली दिवसाला दोन लाखांपर्यंत बफेलोबेरी खाऊ शकते. एवढीशी, लालचुटुक फळं ती! इतकी खटपट करणाऱ्याला पुदिन्याच्या टूथपेस्टचा गोड वास आला, तर ते डोकावणारच ना?

म्हणून स्वयंपाक तंबूपासून शंभरेक मीटर लांब करायचा. वास येणाऱ्या वस्तू छावणीतल्या लोखंडी कपाटात ठेवायच्या किंवा दोरीने झाडावर टांगायच्या: जमिनीपासून चार मीटर उंच आणि खोडापासूनही दूर, कारण काळं अस्वल सरसर झाडावर चढतं.

दिवसाची काळजी वेगळी. सायकल वेगाने जाते आणि आवाज करत नाही. त्यात वारा समोरून येत असला, की आपला वास मागेच उडून जातो. मग एवढं तल्लख नाक असूनही अस्वलाला आपण येतोय हे कळत नाही, आणि वळणावर अचानक गाठ पडली की ते दचकतं. तेव्हा वळणं आली की वेग कमी करायचा आणि मोठ्याने बोलायचं, गायचं. नुसती घंटी पुरत नाही. अस्वल दिसलंच तर पॅडल मारत पळायचं नाही, कारण ग्रिझली ताशी 50 किलोमीटरच्या आसपास वेगाने धावते! खाली उतरायचं, सायकल मध्ये धरायची, शांतपणे बोलत हळूहळू मागे सरकायचं.

हाताशी एक फवाराही असतो. त्यात काय असतं, सांगा पाहू? मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन! अस्वल सात-आठ मीटरवर चाल करून आलं, तरच तो मारायचा. अस्वलाचे डोळे आणि नाक झोंबतं, पण काही वेळाने ते बरं होतं. मला ही युक्ती फार आवडते: माणूसही वाचतो आणि अस्वलही.

एकदा आयता खाऊ मिळाला, की अस्वल पुन्हा पुन्हा माणसांकडे येतं आणि शेवटी पुष्कळदा त्यालाच जीव गमवावा लागतो. हे टाळण्यासाठी अस्वलाला न उघडणारे डबे बनवतात. त्यांची परीक्षा अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या वेस्ट यलोस्टोन गावी, एका प्राणिकेंद्रात होते. आत चविष्ट खाऊ भरून डबा ग्रिझलींसमोर ठेवतात. त्या तो आपटतात, चावतात, त्यावर उड्या मारतात. अशी 60 मिनिटं झटापट होऊनही डबा फुटला नाही, तर तो पास! आणि परीक्षक कोण? त्यांतल्या काही तर जंगलात असताना माणसांच्या खाण्याची चटक लागलेल्या ग्रिझली आहेत.