मेडिकेअरच्या हप्त्यावरील अधिभार : दाद कशी मागावी?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची पहिली पिढी आता निवृत्तीचे जीवन जगत आहे. वयाच्या ६५ व्या वर्षी 'मेडिकेअर' या सरकारी आरोग्य विम्याचे छत्र मिळते आणि त्यापाठोपाठ काहींच्या हाती सोशल सिक्युरिटी प्रशासनाचे पत्र पडते : आपल्या उत्पन्नामुळे हप्त्यावर अधिभार आकारण्यात येत आहे. पगार तर बंद झालेला असतो. मग हे उत्पन्न आले कुठून?

याचे उत्तर दोन वर्षे मागे दडलेले आहे. डॉक्टरांच्या सेवांचा समावेश असलेल्या 'भाग ब' वर २००७ पासून आणि औषधांच्या 'भाग ड' वर २०११ पासून हा अधिभार लागू आहे. तो ठरविण्यासाठी सामान्यतः दोन वर्षांपूर्वीचे प्राप्तिकर विवरणपत्र पाहिले जाते. म्हणजे २०२६ च्या हप्त्यासाठी २०२४ चे उत्पन्न. २०२६ मध्ये 'भाग ब' चा मूळ मासिक हप्ता २०२.९० डॉलर आहे. एकट्या व्यक्तीचे उत्पन्न १,०९,००० डॉलरहून आणि संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्याचे २,१८,००० डॉलरहून अधिक असेल, तर पहिल्याच टप्प्यात तो २८४.१० डॉलर होतो. अधिभार पती व पत्नी दोघांनाही स्वतंत्रपणे लागतो. म्हणजे केवळ 'भाग ब' पोटी वर्षाला १,९४८.८० डॉलर जादा. मर्यादा एका डॉलरने ओलांडली तरी त्या टप्प्याचा पूर्ण अधिभार बसतो.

मात्र मधल्या काळात परिस्थिती बदलली असेल, तर दाद मागता येते. 'एसएसए-४४' हा अर्ज त्यासाठीच आहे. विवाह, घटस्फोट, जोडीदाराचा मृत्यू, नोकरी सुटणे, कामाचे तास घटणे, उत्पन्न देणारी मालमत्ता आपल्या इच्छेविना हातची जाणे, निवृत्तिवेतन बंद पडणे किंवा घटणे, आणि मालकाचे दिवाळे वा पुनर्रचना यांमुळे मिळालेली भरपाई, ही त्यातील मान्य कारणे होत. निवृत्ती 'नोकरी सुटणे' यातच मोडते. २०२४ मध्ये २,३०,००० डॉलर मिळविणारे दांपत्य २०२५ अखेरीस निवृत्त झाले आणि २०२६ चे अपेक्षित उत्पन्न ८०,००० डॉलर असेल, तर मालकाचे पत्र व नव्या उत्पन्नाचा अंदाज जोडून अधिभार रद्द करून घेता येतो.

येथेच अनेकांची गफलत होते. उत्पन्न घटले एवढे पुरेसे नाही. ते मान्य कारणाने घटले पाहिजे. अमेरिकी नागरिकाने पुण्यातील वडिलोपार्जित सदनिका विकली, तर तिच्यावरील करपात्र नफा अमेरिकेतील उत्पन्नात धरला जातो. भारतात करमुक्त असलेले अनिवासी खात्यावरील व्याजही तेथे करपात्र असते. सदनिकेची विक्री आयुष्यात एकदाच झाली, हे खरे. परंतु स्वेच्छेने केलेली विक्री हे मान्य कारण नव्हे. निवृत्ती खात्यातून काढलेल्या मोठ्या रकमेचेही तसेच. अशा व्यवहारांचा विचार आधीच करावा लागतो. नंतरचा अर्ज बहुधा फेटाळला जातो.

विधवा वा विधुर झालेल्यांनी विशेष सावध राहावे. जोडीदाराचा मृत्यू हे मान्य कारण आहे. पण पुढे एकट्याने विवरणपत्र भरताना मर्यादा निम्म्यावर येते आणि पूर्वीइतक्याच उत्पन्नावरही अधिभार लागू शकतो.

प्रशासनाने चुकीची माहिती वापरली असेल, तर निर्णयाची सूचना मिळाल्यापासून ६० दिवसांत फेरविचाराची मागणी करता येते. तेथेही नकार मिळाल्यास प्रशासकीय न्यायाधीशांपुढे सुनावणी, त्यानंतर मेडिकेअर अपील परिषद आणि शेवटी संघीय जिल्हा न्यायालय असे टप्पे आहेत. विवरणपत्र नंतर दुरुस्त केले असल्यास त्याची प्रतही सादर करता येते. निकाल लागेपर्यंत हप्ता मात्र थकवू नये. निर्णय अनुकूल लागल्यास जादा भरलेली रक्कम परत मिळते.

पत्र आले की प्रथम त्यात कोणत्या वर्षाचे उत्पन्न धरले आहे ते पाहावे आणि त्यानंतर आपल्या आयुष्यात काय बदलले ते आठवावे. तो बदल वरील कारणांत बसत असेल, तर पत्र फडताळात ठेवून देण्याऐवजी त्याच आठवड्यात अर्ज करावा.