मेसरश्मिटचा बहुरूपी

'बॅटल ऑफ ब्रिटन' (१९६९) या चित्रपटात जर्मन लढाऊ विमानं आकाशात घुसतात, तेव्हा जाणकाराची नजर आधी त्यांच्या नाकाकडे जाते. खऱ्या मेसरश्मिट १०९चं डाइमलर-बेन्झ इंजिन उलटं बसवलेलं असे. सिलिंडर खाली, क्रँकशाफ्ट वर. त्यामुळे धूर सोडणाऱ्या नळ्यांची रांग नाकाच्या खालच्या अंगाला यायची. पडद्यावर ती रांग बरीच वर दिसते, खाली जाडजूड हनुवटी सुटलेली असते आणि पंख्याला तीनऐवजी चार पाती. सोंग तिथेच उघडं पडतं. हे स्पेनच्या हिस्पानो कारखान्यातलं 'बुचोन'.

सोंग खरं, पण घरातल्याच माणसाचं. महायुद्धाच्या काळात स्पेनला मेसरश्मिट बांधण्याचा परवाना मिळाला, जर्मनीहून सांगाडेही आले, पण इंजिनं आलीच नाहीत. जर्मनीला स्वतःलाच पुरेनात, तिथे स्पेनला कोण विचारतो! युद्धानंतर हिस्पानो-सुइझाचं इंजिन जोडून पाहिलं गेलं आणि १९५४ साली चक्क रोल्स-रॉइसचं मर्लिन बसलं. ब्रिटनची स्पिटफायर आणि हरिकेन विमानं ज्याच्या जोरावर मेसरश्मिटशी लढली, तेच हे इंजिन. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे १९३५ साली मेसरश्मिट १०९चा पहिला नमुना उडाला, तोही रोल्स-रॉइसच्या केस्ट्रेल इंजिनावर. जर्मन इंजिन तेव्हा तयार नव्हतं.

चित्रपटासाठी विमानं गोळा करायचं काम ब्रिटिश हवाई दलातले निवृत्त अधिकारी हॅमिश महॅडी यांच्याकडे होतं. ब्रिटनभर शोधून २७ स्पिटफायर हाती लागली, त्यातली उडवण्याजोगी झाली जेमतेम १२. स्पेनमध्ये मात्र घबाडच सापडलं: २७ बुचोन आणि हवाई दलाच्या सेवेतली ३२ 'कासा' बाँबर, म्हणजे परवान्यावर बांधलेली हाइंकेल १११. त्यांनाही मर्लिनच! पडद्यावर एकमेकांवर तुटून पडणाऱ्या दोन्ही बाजू अशा एकाच कंपनीच्या इंजिनांवर उडत होत्या.

मग रंगभूषा झाली. मेसरश्मिटच्या १९४०मधल्या 'ई' प्रकाराच्या पंखांची टोकं चौकोनी होती, बुचोनची गोल, ती छाटली. शेपटीखाली खोटे तिरके टेकू लावले. नाक बदलणं म्हणजे इंजिनच बदलणं, त्यामुळे ते तसंच राहिलं. सूर मारून बाँब टाकणाऱ्या श्टुकासाठी पर्सिव्हल प्रॉक्टर ही साधी विमानं कापून-वाकवून पाहिली. तो प्रयोग फसला आणि शेवटी रेडिओवर उडणारे छोटे नमुने वापरावे लागले. चित्रपटातली सर्वांत लटकी दृश्यं तीच. उलट बुचोनची झुंडच्या झुंड वळते तेव्हा चुकीचं नाकही माफ करावंसं वाटतं, कारण तिथे खरं वजन खऱ्या वेगाने वळत असतं.

पुढे 'मेम्फिस बेल' (१९९०) आणि 'डंकर्क' (२०१७) यांतही मेसरश्मिटची भूमिका बुचोननेच केली. 'डंकर्क'मध्ये त्याचं नाक पिवळं रंगवलं आहे. जर्मनांनी तो रंग त्या लढाईनंतर वापरायला सुरुवात केली, हे दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन यांना ठाऊक होतं. प्रेक्षकाला शत्रू चटकन ओळखता यावा म्हणून त्यांनी ती सूट घेतली.

'बॅटल ऑफ ब्रिटन'मध्ये बुचोन उडवणारे टेक्सासचे वैमानिक विल्सन एडवर्ड्स यांनी मेहनतान्यापोटी पैशांऐवजी विमानंच घेतली. ती चार दशकांहून अधिक काळ त्यांच्या हँगरमध्ये पडून होती, काहींवर चित्रपटाचा रंगही तसाच. अखेर ती विकली गेली, आणि त्यातलं दोन आसनांचं बुचोन इंग्लंडमध्ये पुन्हा उडू लागलं.