कणगीतली ज्वारी, पाकिटातलं बी

शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याच्या आसपास ज्वारी घ्यायला आलेली बाई आधी दाणे तळहातावर घेते, फुंकर मारते, एखादा दाताखाली फोडून बघते. मग भाव विचारते आणि पुष्कळदा अर्धाच किलो बांधून घेते. गहू त्याहून स्वस्त पडतो. भाकरीच्या मुलखात भाकरीच महाग!

देश स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवस साजरा करत होता तेव्हा मराठवाड्यातलं हे शहर निजामाच्याच अमलात होतं. सुटका झाली 17 सप्टेंबर 1948 ला. निजामी काळात लेव्हीचं धान्य सक्तीनं उचललं जाई. राज्य कुणाचं, हे शेतकऱ्याला खळ्यावरच कळायचं.

झेंडा बदलला, पण पोट परक्याच्या हाती राहिलं. 1966 साली देशात एक कोटी टनांहून जास्त धान्य बाहेरून आलं, त्यात मोठा वाटा अमेरिकेच्या ‘पीएल 480’ या धान्यमदत कायद्याखाली आलेल्या गव्हाचा. दिल्लीनं व्हिएतनाम युद्धावरून अमेरिकेवर टीका केली की अध्यक्ष जॉन्सन यांचा पारा चढे आणि गव्हाची जहाजं अडखळत. (गाजरगवतही त्याच गव्हातून आलं, असं गावोगाव अजून सांगतात.)

1972 च्या दुष्काळात मराठवाड्यानं खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी गिळल्या. त्या दिवसांतून गेलेल्याला बुर्किना फासोचा राष्ट्राध्यक्ष थॉमस संकारा समजावून सांगावा लागत नाही. साम्राज्यवाद कुठे आहे असं विचारणाऱ्याला तो ताटातलं आयात धान्य दाखवायचा. 15 ऑक्टोबर 1987 ला त्याची हत्या झाली.

आपल्याकडे दाणा वाढवला तो संकरित ज्वारीनं. दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या, असं मुख्यमंत्री वसंतराव नाईक 1965 मध्ये जाहीर सभेत म्हणाले होते. ‘सीएसएच-1’ हे संकरित ज्वारीचं वाण त्याच्या आदल्याच वर्षी आलं होतं. पोटं भरली, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण त्या भाकरीला चव नव्हती. बेचव, बिनमुळाच्या कशालाही ‘हायब्रीड’ म्हणायची सवय मराठीला तेव्हापासूनच लागली.

आणि बी घरातून गेलं. पूर्वी निवडक कणसांचं बी राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवत. संकरित बी पुढच्या पेरणीला तसं उगवत नाही. 2001 च्या कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं बी राखायचा हक्क दिला, पण पुढच्याच वर्षी संकरित बीटी कापसाला परवानगी मिळाली. आता मृगाच्या तोंडावर रांग लागते ती पाकिटासाठी, अन् ज्वारीच्या वावरात कापूस नाहीतर सोयाबीन.

दुकानात ती बाई अजून जुन्या गावरान ज्वारीचं नाव घेऊन विचारते, “दगडी आहे का हो?” दुकानदार मालदांडीच्या पोत्याकडे बोट दाखवतो.