गावचा कुत्रा कोणाचा?

व्याख्यानाचा विषय ‘कुत्रा’ आहे हे ऐकून काही श्रोत्यांना हसू आले असेल. परंतु शहापूर तालुक्यातील शेणव्यासारख्या गावी एखाद्या कुत्र्याकडे बोट दाखवून ‘हा कोणाचा?’ असे विचारून पाहा. ‘गावचाच आहे,’ असे उत्तर मिळेल. भाताचे खळे राखताना तो आपला असतो. चावला, पिसाळला, की कोणाचाच नसतो. साऱ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

पिसाळण्याचा रोग, म्हणजेच रेबीज, बाधित जनावराच्या लाळेतून पसरतो. चाव्यानंतर लक्षणे दिसण्यास बहुधा एक ते तीन महिने लागतात. आणि एकदा ती दिसली की मृत्यू जवळजवळ अटळ! वैद्यकाच्या हाती काय तो मधला अवधी. तो अंगारा, मिरचीपूड किंवा झाडपाल्याचा लेप यांत दवडू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि तत्काळ आरोग्य केंद्र गाठावे. पाश्चरने 1885 साली नऊ वर्षांच्या मुलाला प्रथम लस टोचली, तेव्हापासून ही विद्या पुष्कळ पुढे गेली आहे. पोटातील त्या चौदा इंजेक्शनांची धास्ती आता कोणी बाळगू नये. आजची लस दंडात आणि मोजक्याच वेळा देतात. जखम खोल असेल तर लसीबरोबर प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही घ्यावे लागते.

मग कुत्री मारूनच टाकावीत काय? कायदा तशी परवानगी देत नाही, आणि तो उपाय टिकतही नाही. कुत्री सुमारे दोन महिन्यांत विते. उकिरड्यावर खरकटे आणि कोंबड्यांची आतडी पडत राहिली, की रिकाम्या जागी नवी कुत्री येतात. शिवाय तानसा अभयारण्याच्या या मुलखात कुत्र्यामागून बिबट्याही वस्तीत येतो. 2023 च्या केंद्रीय नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरण हाच मार्ग सांगितला आहे.

हे साधते काय, अशी शंका येईल. गोव्याने गावोगाव हिंडून कुत्र्यांना लस टोचली आणि 2021 साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. शंभरांतील सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते, असे शास्त्र सांगते.

आपल्या गावाला हे जड नाही. ज्याच्या दारी कुत्रा भाकरी खातो, त्याने त्याला आपला म्हणावे: गळ्यात पट्टा बांधावा, दरवर्षी लस टोचून घ्यावी, नको असलेली पिले रस्त्यावर सोडू नयेत. बेवारस उरतील त्यांचा भार ग्रामपंचायतीने पशुवैद्यकाच्या मदतीने उचलावा. पावसाळ्यापूर्वीचा एक दिवस यासाठी राखून ठेवावा. मुलगा शाळेच्या वाटेवर निर्भय चालला, तर त्या दिवसाचे चीज झाले.

धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्ग नाकारला. आपल्याला एवढे करावयाचे नाही; ‘हा माझा,’ एवढेच म्हणावयाचे आहे.