रात्रभर दवंडी, ऐकायला कोणी नाही

रात्रीचा दीड वाजलाय. घर गाढ झोपलंय. पंखा फिरतोय, फ्रिज मधूनच घुरघुरतोय आणि जिन्याजवळचा वाय-फायचा डबा इमाने इतबारे दवंडी पिटतोय: मी इथे आहे, माझं नाव अमुक, या, जोडून घ्या! तंत्रज्ञांच्या भाषेत या दवंडीचं नाव ‘बीकन’. बहुतेक डबे ती दर १०२.४ मिलिसेकंदांनी देतात, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा वेळा. दिवसाला ८ लाख ४३ हजार ७५०! तीही एका नावाची आणि एकाच बँडवरची. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही बँड चालू असले की दुप्पट. पाहुण्यांसाठी वेगळं नाव ठेवलं असेल तर त्याच्याही दवंड्या वेगळ्या.

आवाज बारीक, भूक मोठी

युरोपात २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला हवेत सोडायची मुभा आहे १०० मिलिवॅटची, म्हणजे एका वॅटच्या दहाव्या भागाची. डबा मात्र बोर्डातून साधारण पाच ते दहा वॅट ओढतो. उरलेली वीज आतल्या प्रोसेसरला आणि बाकीच्या सर्किटला लागते आणि शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. थंडीत मांजर राउटरवर जाऊन का बसतं, ते यातच आलं.

म्हणूनच राउटरच्या ॲपमधून नुसतं ‘वाय-फाय बंद’ केलं तर बचत थोडीच होते. दवंडी थांबते, पण डबा जागाच राहतो. खरी बचत त्याची वीज तोडल्यावर.

एकेकाळचा एक, आता तीन

एका राउटरने किती फरक पडणार? खरंच, फार नाही. पण आता दोन मजली घरात एक राउटर आणि वर-खाली दोन ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय लांबवर पोचवणारे जोडडबे) ही नेहमीची मांडणी झाली आहे. प्रत्येकी ८ वॅट धरले तर तिघं मिळून वर्षाला २१० युनिट खातात. राउटर तसाच ठेवून बाकीचे दोन रोज रात्री सात तास झोपवले, तर वर्षाला ४१ युनिट वाचतात. तेवढ्यात ९ वॅटचा एलईडी दिवा साडेचार हजार तास जळेल.

महाराष्ट्रातल्या घरगुती बिलात आणखी एक मेख आहे. इथे दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली शंभर युनिट स्वस्त, त्यापुढची महाग. त्यामुळे वाचवलेलं युनिट वजा होतं ते नेहमी तुमच्या सर्वांत महागड्या टप्प्यातून. बिल शंभराच्या उंबरठ्यावर घोटाळत असेल, तर महिन्याची तीन-साडेतीन युनिटंही हिशेबात धरावीत.

केबलमधून येणारी वीज

छताला लावलेल्या अनेक ॲक्सेस पॉइंटांना वेगळा प्लगच नसतो. इंटरनेटची केबल वीजही घेऊन येते. याचं पहिलं मानक २००३ साली आलं. त्यात नेटवर्क स्विचच्या, म्हणजे या केबली जिथे जोडतात त्या डब्याच्या, एका पोर्टातून जास्तीत जास्त १५.४ वॅट निघतात आणि डब्याला १२.९५ मिळतील असं धरलेलं असतं. मधले अडीच वॅट शंभर मीटर तार वाटेत पिऊन टाकेल म्हणून बाजूला काढलेले. ऑटोमेशनवाल्यांना ही सोय फार आवडते, कारण स्विचला ‘पाचव्या पोर्टची वीज बंद’ असा हुकूम दिला की काम झालं. २०१३ मध्ये पॉलस स्खाउटसेन याने सुरू केलेलं ‘होम असिस्टंट’ हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर असे हुकूम वेळेवर देतं. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही ते चालतं.

किल्ली आत, कुलूप बाहेर

हौशी लोक हमखास फसतात ती जागा ही. राउटर वाय-फायच्या स्मार्ट प्लगला लावायचा आणि रात्री फोनवरून प्लग बंद करायचा. बंद तर होतो, पण सकाळी ‘चालू हो’ हा निरोप प्लगपर्यंत पोचणार कसा? निरोप्यालाच आपण झोपवलेलं असतं! उपाय दोन. एक म्हणजे झिगबी, वाय-फायवर न विसंबता चालणारं जाळं. मधमाशांच्या नाचावरून त्याचं नाव पडलंय. दुसरा म्हणजे वेळापत्रक प्लगच्याच पोटात साठवणं. मात्र अशा पुष्कळ प्लगांना घड्याळाची वेळ इंटरनेटवरून मिळते. रात्री वीज जाऊन आली आणि इंटरनेट बंदच असलं, तर प्लगला किती वाजले ते कळत नाही आणि सकाळ उजाडूनही तो गप्प राहतो. पावसाळ्यात हे ध्यानात ठेवायलाच हवं.

शिवाय प्लग स्वतःही वीज खातो. तो एक वॅट घेत असेल तर दिवसाला २४ वॅट-तास गेले. सहा वॅटचा डबा सात तास बंद ठेवून वाचले ४२. निम्म्याहून जास्त कमाई राखणदारानेच खाल्ली! केबलमधून वीज देणारा स्विच घरात आधीच असेल, तर नवा प्लग आणूच नये.

जर्मन डब्याची शिस्त

बर्लिनच्या ‘फ्रिट्झबॉक्स’ राउटरमध्ये रात्रीचं वेळापत्रक आतच दिलेलं असतं. त्यातला एक पर्याय मला मनापासून आवडतो: ठरलेली वेळ झाली तरी शेवटचं उपकरण काम थांबवेपर्यंत थांबायचं आणि मगच रेडिओ बंद करायचा. अभ्यासाला बसलेल्या मुलीचा व्हिडिओ अर्ध्यात तुटत नाही. माणसांच्या घरात यंत्राने असंच वागावं.

याला हात लावू नका

बचतीच्या उत्साहात सगळंच बंद करणं मला मुळीच पटत नाही. जाड भिंतींच्या कित्येक घरांत मोबाइलची रेंज नसते आणि फोन लागतो तो वाय-फाय कॉलिंगवर. आजी-आजोबांच्या खोलीजवळचा ॲक्सेस पॉइंट रात्रभर चालू राहिलाच पाहिजे. अडीच वाजता छातीत दुखायला लागलं तर फोन लागायला हवा, त्यापुढे चार युनिटांची काय किंमत! फायबरच्या डब्यालाच लँडलाइन जोडलेली असेल तर तो डबाही तसाच ठेवा. कॅमेरे आणि दाराची घंटा कोणत्या डब्यावर चालतात, तेही आधी बघून घ्या. वरची गच्चीलगतची खोली, रिकामा हॉल, रविवारी बंद असलेलं घरातलं ऑफिस, इथले डबे खुशाल झोपवा.

सकाळी रडारची परवानगी

झोपवलेला डबा बटण दाबताच बोलू लागत नाही. आधी त्याचं सॉफ्टवेअर उघडतं, त्यात एक-दोन मिनिटं जातात. त्यातून तो ५ गिगाहर्ट्झच्या काही ठरावीक चॅनलांवर असेल तर पुढची पायरी आणखी मजेशीर. हेच चॅनल रडारसाठीही वापरले जातात. म्हणून युरोप-अमेरिकेच्या नियमांनुसार डब्याने आधी पूर्ण ६० सेकंद गप्प राहून कान द्यायचा आणि रडार ऐकू आलं नाही तरच तोंड उघडायचं. युरोपात हवामान-रडारच्या पट्ट्यात तर ही शांतता दहा मिनिटांची! त्यामुळे सहाचा गजर असेल तर डब्याचा गजर पावणेसहाचा लावा.