भूमध्य समुद्राची बंदरे: जहाज थांबते तेवढ्या वेळात

भूमध्य समुद्रातील क्रूझचा मुख्य हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर असा असतो, आणि त्यातही जून ते ऑगस्ट हे महिने सर्वाधिक गर्दीचे व उन्हाचे. जहाज बहुधा रात्री चालते, सकाळी सात-आठच्या सुमारास बंदराला लागते आणि संध्याकाळी पाच-सहाला निघते. उतरण्याचा आणि जाण्या-येण्याचा वेळ वजा केला की एका शहराच्या वाट्याला पाच-सहा तास येतात. काय पाहायचे आणि काय सोडायचे, हे या तासांवरच ठरते.

कार्यक्रमपत्रिकेत छापलेले नाव आणि जहाज प्रत्यक्ष लागते ते ठिकाण पुष्कळदा वेगळे असते. ‘रोम’ म्हणजे चिवितावेक्किया, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, सुमारे नव्वद किलोमीटरवर. ‘अथेन्स’ म्हणजे पिरेयस. हे मात्र जवळ आहे आणि मेट्रोने जोडलेले आहे. या अंतरांमागे जुना इतिहास आहे. प्राचीन काळी चाच्यांच्या भीतीने अनेक नगरे किनाऱ्यापासून आत वसवली जात. जी बंदरे नदीच्या मुखाशी होती, ती गाळाने भरत गेली. रोमचे मूळ बंदर ऑस्टिया टायबरच्या मुखाशी होते. आज त्याचे अवशेष समुद्रापासून बरेच आत आहेत. चिवितावेक्कियाचे बंदर सम्राट ट्रेजनने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी बांधवून घेतले, आणि ते आजही चालू आहे. मध्ययुगात स्वतःचे आरमार बाळगणाऱ्या पिसाचे बंदरही असेच गाळाने निकामी झाले. पुढे फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने लिव्होर्नो उभारले.

गाळाची ही करामत सर्वांत स्पष्ट दिसते ती तुर्कस्तानात. कुशादासी बंदरातून एफेसस वीसेक किलोमीटरवर आहे. सेल्सस ग्रंथालयाची दुमजली दर्शनी भिंत आणि डोंगरउतारात कोरलेले, सुमारे पंचवीस हजार प्रेक्षक मावतील असे नाट्यगृह ही इथली मुख्य आकर्षणे. पण नाट्यगृहाच्या वरच्या पायऱ्यांवरून समोर पाहावे. दोन्ही बाजूंना खांबांचे अवशेष असलेला सरळ, रुंद, फरसबंद रस्ता एकेकाळी थेट धक्क्यावर जात असे. आज तो दलदलीत आणि लव्हाळ्यांत संपतो. समुद्र काही किलोमीटर दूर सरकला आहे. बंदर गेले तसा व्यापार गेला आणि मग शहरही ओस पडले.

नेपल्सची गोष्ट याच्या अगदी उलट. इथे जहाजातून उतरले की समोर तेराव्या शतकातला कास्तेल नुओवो किल्ला उभा आहे आणि जुने शहर चालण्याच्या टप्प्यात आहे. तरीही बहुतेक प्रवासी पॉम्पेईकडे धावतात, आणि ते योग्यच आहे. सर्कमवेसुव्हियाना या स्थानिक रेल्वेने नेपल्सच्या मुख्य स्थानकाजवळून पॉम्पेईला पाऊण तासाच्या आत पोहोचता येते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात हे नगर राखेखाली आणि दगडांच्या वर्षावाखाली गाडले गेले. सहासष्ट हेक्टरांचे नगर एका दिवसात संपत नाही, त्यामुळे थोडेच, पण नीट पाहावे. रस्त्यात मधोमध ठेवलेले उंच दगड दिसतात. सांडपाण्यात पाय न बुडवता पलीकडे जाण्यासाठी ते ठेवले होते, आणि दोन दगडांमधून गाडीची चाके जातील एवढी फट सोडली होती. त्या फटींत चाकांनी झिजवलेल्या खोल चाकोऱ्या आजही स्पष्ट दिसतात. कोपऱ्या-कोपऱ्यावर दगडी ओटे आहेत. त्यांत मोठे रांजण बसवलेले आहेत. आपल्या नाक्यावरच्या टपरीसारखी ही खाण्याची दुकाने होती. सावली मात्र जवळजवळ नाही. २०२४ च्या नोव्हेंबरपासून रोजच्या प्रवेशावर वीस हजारांची मर्यादा आहे, म्हणून तिकीट आधी काढावे. ज्यांना ऊन आणि गर्दी सोसत नाही, त्यांनी त्याच रेल्वेमार्गावर अलीकडे असलेले हर्क्युलेनियम निवडावे. ते लहान आहे, नेपल्सला जवळ आहे, आणि तिथे जळून कोळसा झालेल्या लाकडी तुळया व दारेही टिकली आहेत.

अथेन्सला उन्हाळ्यात अ‍ॅक्रोपोलिस सकाळीच गाठावे. २०२३ पासून तिथे ठरलेल्या वेळेची तिकिटे आहेत, आणि उष्णतेची लाट आली की दुपारी काही तास जागा बंद ठेवली जाते. अशा वेळी टेकडीच्या पायथ्याचे, २००९ मध्ये उघडलेले अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालय गाठावे. पार्थेनॉनवरची शिल्पे तिथे थंडाव्यात निवांत पाहता येतात. सँटोरिनीला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाज ज्वालामुखीच्या बुडालेल्या मुखात थांबते आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. तिथून कड्यावरच्या फिरा गावात जायला रोपवे, पायऱ्या किंवा खेचरे. भर उन्हात माणसांची ओझी वाहणाऱ्या खेचरांवर बसू नये. एका दिवशी चार-पाच जहाजे आली की रोपवेच्या रांगेतच तास-दीड तास जातो, म्हणून पहिल्या बोटीने उतरावे आणि परतीची रांग गृहीत धरूनच निघावे.

व्हेनिसमध्ये मोठी जहाजे आता शहराच्या मध्यातून जात नाहीत. २०२१ च्या ऑगस्टपासून पंचवीस हजार टनांवरील जहाजांना जुउदेक्का कालव्यात बंदी आहे, त्यामुळे ती मार्गेरा, त्रिएस्ते किंवा राव्हेन्नाला लागतात. डुब्रोव्हनिकनेही एका वेळी येणाऱ्या जहाजांवर मर्यादा घातली आहे. या गावांत वर्षभर राहणारी माणसे आहेत, आणि हे निर्बंध त्यांच्यासाठी आवश्यकच होते. डुब्रोव्हनिकचा जवळपास दोन किलोमीटरचा तट सकाळी लवकर फिरून घ्यावा. दहानंतर दगड तापतात.

या सगळ्या बंदरांत वेळेचा पुरेपूर मोबदला देणारे बंदर म्हणजे माल्टाचे व्हॅलेटा. जहाज ग्रँड हार्बरमध्ये शिरते तेव्हा डेकवर असलेच पाहिजे. दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाच्या दगडाची तटबंदी अगदी जवळून सरकते. १५६५ च्या तुर्की वेढ्यातून निभावल्यावर सेंट जॉनच्या सरदारांनी पुढच्याच वर्षी हे नगर वसवायला घेतले. धक्क्याजवळून लिफ्टने वर गेले की वरच्या बारक्का बागेतून सगळे बंदर दिसते. सेंट जॉनच्या कॅथीड्रलमध्ये काराव्हाज्जोचे १६०८ चे ‘संत जॉनचा शिरच्छेद’ हे चित्र आहे. भिंतभर मोठ्या या चित्रात सांडलेल्या रक्तातच चित्रकाराने सही केली आहे. त्याने सही केलेले हे एकमेव चित्र. सारे शहर पायी फिरता येते, बस लागत नाही.

मार्सेयमध्ये मराठी प्रवाशाला जुने बंदर आणि नोत्र-दाम द ला गार्दचे टेकडीवरचे चर्च यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट आठवेल. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ जहाज या बंदरात असताना स्वातंत्र्यवीर सावरकरांनी त्यातून समुद्रात उडी घेतली. किनाऱ्यावर झालेल्या त्यांच्या अटकेचा वाद हेगच्या लवादापर्यंत गेला.

जहाज थांबण्याच्या वेळेबद्दल कोणतीही तडजोड नसते. परतण्याची वेळ सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची असते. जहाज कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज तिची वाट पाहते. स्वतंत्रपणे फिरायला गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. इटली आणि ग्रीसच्या घड्याळात एक तासाचा फरक आहे, तेव्हा जहाजावर जाहीर झालेली वेळच प्रमाण मानावी. व्हॅटिकनसह मोठ्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. भारतीय पारपत्र असलेल्यांनी शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा घ्यावा, कारण ग्रीसहून कुशादासीला जाऊन जहाज परत ग्रीसला आले की तो दुसरा प्रवेश धरला जातो.