रेडिएशनचा हिशोब दोनदा का करावा?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून दिले जाणारे रेडिएशन साधारण ४५ ते ५० ग्रे असते. (ग्रे हे मात्रेचे एकक.) ते २५ सिटिंगमध्ये विभागून देतात. सिटिंग चालू असताना रुग्णाला काहीच जाणवत नाही. त्यामुळे मात्रा चुकली तरी ते कळायला आठवडे, कधी महिने लागतात.

पनामा शहरातील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत असेच झाले. तेथे ओटीपोटाच्या कर्करोगावर कोबाल्ट यंत्राने उपचार होत. निरोगी भाग वाचवण्यासाठी किरणांच्या वाटेत ठोकळे ठेवत. संगणकात चारच ठोकळ्यांची नोंद होई; डॉक्टरांना पाचवा हवा होता. ऑगस्ट २००० पासून कर्मचाऱ्यांनी अनेक ठोकळे एकच आकृती म्हणून नोंदवायला सुरुवात केली. आकृतीच्या कडा विशिष्ट प्रकारे रेखल्या की संगणकाचा हिशोब बिघडे. कोणतीही सूचना न देता तो जवळजवळ दुप्पट वेळ सांगे. काही रुग्णांचे जुलाब थांबेनात. तरी कारण सापडायला मार्च २००१ उजाडला. २८ जणांना जादा मात्रा गेली होती. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे पथक आले, तोवर आठ जण दगावले होते. त्यांतले पाच बहुधा जादा किरणांमुळेच.

संगणकाने सांगितलेला वेळ कुणी स्वतंत्रपणे ताडून पाहिला नव्हता, आणि खरी हळहळ इथेच वाटते. कारण हे काम काही मिनिटांचे. त्या दिवशीची यंत्राची क्षमता, किरणक्षेत्राचा आकार, गाठीची खोली, एवढे घेऊन तक्त्यावरून वेळ काढता येतो. गाठीपाशी मिनिटाला १ ग्रे पोहोचत असेल, तर २ ग्रेसाठी २ मिनिटे. संगणक ४ म्हणत असेल, तर यंत्र सुरूच करायचे नाही.

मात्र पडताळणी दुसऱ्या भौतिकतज्ज्ञाने आणि दुसऱ्या पद्धतीने करायला हवी. त्याच संगणकावर तीच फाइल उघडून सही करणे म्हणजे पडताळणी नव्हे. आजच्या गुंतागुंतीच्या उपचारांत हातचा हिशोब पुरत नाही. तेथे वेगळे सॉफ्टवेअर वापरतात आणि शिवाय प्रत्यक्ष मोजणीही करतात. ‘सगळे ठरले, मग सिटिंग उद्यावर का?’ असे नातेवाईक बाहेर विचारत असतात, तेव्हा आत कधीकधी त्याच रुग्णाचे सिटिंग प्लास्टिकच्या ठोकळ्यावर देऊन मोजले जात असते.